सापळ्यातील आकड्यांना कायमचा पत्ता : संशोधन-विदा, ग्रंथालये आणि उद्धरण

प्रस्तावना

कपाशीच्या शेतातील कामगंध सापळ्यात रात्रीतून अडकलेले गुलाबी बोंडअळीचे नर पतंग सकाळी मोजले जातात. आकडा वहीत लिहिला जातो, आठवड्याअखेरीस सरासरी काढली जाते आणि अहवालात ती सरासरी तेवढी पोहोचते. पुढील हंगामात ती वही कोठे आहे, हे सांगणारे बहुधा कोणी नसते. अहवाल छापला जातो, शोधनिबंध प्रसिद्ध होतो, शिफारस घडीपत्रिकेत येते. परंतु ज्या नोंदींवर हे सारे उभे असते, त्या नोंदी कपाटात, जुन्या संगणकात किंवा बदली होऊन गेलेल्या कर्मचाऱ्याच्या पेनड्राइव्हमध्ये राहून जातात.

शेतकऱ्यापर्यंत शिफारस एका वाक्यात पोहोचते. ती आपल्या तालुक्याच्या हवामानाला, वाणाला आणि पेरणीच्या वेळेला लागू पडते का, हे तपासायचे असेल, तर मूळ नोंदी पुन्हा पाहाव्या लागतात. म्हणून संशोधनातील नोंदी जतन करणे, त्या इतरांना मिळतील अशी व्यवस्था करणे आणि त्यांचा उल्लेख नेमकेपणाने करता येणे, हा विषय विस्तार कार्यकर्त्याच्या रोजच्या कामाशी जोडलेला आहे. या कामात जगभरातील ग्रंथालयांनी गेल्या दोन दशकांत जी पद्धत उभी केली, तिची ओळख येथे करून दिली आहे.

विदा म्हणजे काय आणि सरासरीत काय हरवते

रोजच्या बोलण्यात ज्याला डेटा म्हटले जाते, त्यासाठी मराठीत ‘विदा’ हा शब्द रूढ होत आहे. निरीक्षणाच्या वेळी केलेली मूळ नोंद म्हणजे विदा. तिच्यावरून काढलेली सरासरी, आलेख किंवा निष्कर्ष म्हणजे विदेचे फलित. एका उद्देशाने, एका पद्धतीने गोळा केलेल्या नोंदींच्या समूहास ‘विदासंच’ म्हणता येईल.

मूळ नोंद आणि सरासरी यांतील फरक किती महत्त्वाचा आहे, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्याची आर्थिक नुकसानीची पातळी प्रति सापळा प्रति रात्र ८ पतंग, सलग तीन रात्री, अशी सांगितली जाते. समजा, दोन गावांतील दोन सापळ्यांत सात रात्रींत पुढीलप्रमाणे पतंग सापडले :

- गाव ‘अ’ : १, २, २, ९, १०, ९, २ — एकूण ३५, सरासरी ५
- गाव ‘ब’ : ९, १, १०, २, ९, १, ३ — एकूण ३५, सरासरी ५

दोन्ही गावांची सरासरी एकच आहे आणि ती ८ पेक्षा कमी आहे. अहवालात केवळ सरासरी गेली, तर दोन्ही गावांत उपाययोजनेची गरज नाही, असे वाटेल. प्रत्यक्षात गाव ‘अ’मध्ये चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या रात्री पातळी ओलांडली गेली आहे, गाव ‘ब’मध्ये तीन वेळा ८ च्या वर आकडा गेला, पण सलग तीन रात्री कधीच नाही. एकाच सरासरीमागे दोन भिन्न निर्णय दडलेले आहेत. मूळ सात आकडे हाती असतील, तरच हा फरक दिसतो. पाच वर्षांनंतर कोणी ही पातळीच पुन्हा तपासू लागला, तर त्यालाही सरासरी उपयोगी पडणार नाही. रात्रवार आकडेच लागतील.

विदा कशी नाहीशी होते

विदा नष्ट होण्यास आग किंवा पूर यांचीच गरज असते, असे नाही. बहुतेक वेळा ती हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता जाते. ‘करंट बायोलॉजी’ या नियतकालिकात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वनस्पती व प्राण्यांच्या बाह्यरूपाच्या मोजमापांवर आधारलेल्या, २ ते २२ वर्षे जुन्या ५१६ शोधनिबंधांची विदा लेखकांकडे मागण्यात आली. निबंधाचे वय जसजसे वाढत जाते, तसतशी विदा अस्तित्वात असण्याची शक्यता, संख्याशास्त्रात जिला ‘ऑड्स’ म्हणतात त्या मापाने, दरवर्षी १७ टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. लेखकाचा चालू ईमेल पत्ता सापडण्याची शक्यताही त्याच मापाने दरवर्षी ७ टक्क्यांनी कमी होत होती. काही विदा उघडताच येणार नाही अशा जुन्या साधनांवर अडकून पडलेली होती.

या अभ्यासाचा विषय शेती नव्हता. परंतु त्यात दिसलेली कारणे कृषी संशोधन केंद्रांना अपरिचित नाहीत. प्रकल्पाची मुदत संपते, संशोधन सहायक दुसरीकडे रुजू होतो, संगणक निर्लेखित होतो, प्रकल्पासाठी तयार केलेले संकेतस्थळ नूतनीकरणाअभावी बंद पडते. ‘विदा लेखकाकडे मागितल्यास मिळेल’ हे आश्वासन प्रामाणिक असले, तरी ते एका व्यक्तीच्या आयुष्यावर आणि स्मरणशक्तीवर अवलंबून असते. शेतीतील काही प्रश्नांना मात्र माणसाच्या नोकरीपेक्षा अधिक काळ लागतो.

जतन केलेल्या नोंदींचे मोल

इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील ब्रॉडबाल्क या शेतात गव्हावरील खतांचा प्रयोग १८४३ मध्ये सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. या केंद्रात साठत गेलेल्या नोंदींचे विश्लेषण करण्यासाठी १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर या तरुण गणितज्ञाची नेमणूक करण्यात आली. ब्रॉडबाल्कमधील गव्हाच्या उत्पादनाच्या दीर्घ नोंदींवर त्यांनी काम केले आणि तेथील कार्यकाळातच शेतीप्रयोगांच्या आराखड्याची व विचरण-विश्लेषणाची पद्धत विकसित केली. आज भारतातील प्रत्येक कृषी विद्यापीठात ती शिकवली जाते. ज्यांनी १८४३ मध्ये पहिल्या नोंदी केल्या, त्यांना हा उपयोग ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी नोंदी नीट ठेवल्या, एवढेच.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने त्याच केंद्रातील कीटक सर्वेक्षण अधिक जवळचे आहे. तेथे १९६४ पासून १२.२ मीटर उंचीवरून हवा खेचून घेणारे शोषक सापळे चालवले जातात. त्यांत सापडणाऱ्या माव्याच्या नोंदींवरून शेतकऱ्यांना हंगामात सूचना दिल्या जातात. तेथील प्रकाश सापळ्यांच्या दीर्घ नोंदींवरून पतंगांच्या संख्येतील दीर्घकालीन घट अभ्यासता आली. एकाच नोंदीचा एक उपयोग त्याच आठवड्यात झाला आणि दुसरा कित्येक वर्षांनी. रोथॅमस्टेडच्या दीर्घकालीन प्रयोगांचे विदासंच आता इलेक्ट्रॉनिक अभिलेखागारात ठेवलेले असून त्यांना स्वतंत्र ओळख-क्रमांक दिलेले आहेत.

आपल्याकडेही दीर्घ नोंदींची परंपरा आहे. कोइमतूर येथील कायम खत-प्रयोग १९०९ पासून चालू आहे. महाराष्ट्रात क्रॉपसॅप प्रकल्पांतर्गत २००९-१० पासून प्रमुख पिकांवरील किडींचे नियमित सर्वेक्षण केले जाते. अशा नोंदींचे मूल्य दरवर्षी वाढत जाते. अट एवढीच की, त्या सापडल्या पाहिजेत आणि समजल्या पाहिजेत.

उघड्या विदेचा तातडीचा उपयोगही भारताने अनुभवला आहे. मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोगा भागात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आढळली. ही कीड भारतात पूर्वी नोंदलेली नव्हती. बाह्य लक्षणांच्या जोडीला जनुकीय क्रमाच्या आधारे तिची ओळख निश्चित करण्यात आली. अशी तुलना शक्य होते, कारण जगभरातील संशोधक आपले जनुकीय क्रम जेनबँकेसारख्या सार्वजनिक भांडारात ठेवतात आणि प्रत्येक क्रमाला दाखल क्रमांक मिळतो. जेनबँक १९८२ पासून कार्यरत आहे. जनुकीय क्रमांना जो पत्ता चार दशकांपूर्वी मिळाला, तो सापळ्यातील आकड्यांना, पिकाच्या नुकसानीच्या नोंदींना आणि हवामानाच्या मोजमापांना मिळण्यास बराच उशीर झाला. ही उणीव भरून काढण्यात ग्रंथालयांनी पुढाकार घेतला.

हे काम ग्रंथालयांकडे का आले

ग्रंथालयात पुस्तक आले की त्याला दाखल क्रमांक मिळतो, त्याची तालिकेत नोंद होते, विषयानुसार वर्गीकरण होते आणि ते ठरलेल्या जागी ठेवले जाते. लेखक हयात असो वा नसो, प्रकाशन संस्था चालू असो वा बंद पडलेली असो, वाचकाला ते पुस्तक मागता येते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांचा गाभाही हाच आहे की, संग्रहाचे सार्थक त्याच्या वापरात असते. जतन, वर्गीकरण आणि वापर ही तिन्ही कामे विदेलाही लागतात. प्रयोगशाळेचा स्वभाव नव्या प्रश्नाकडे वळण्याचा असतो. ग्रंथालयाचा स्वभाव जुने सांभाळून मागणाऱ्याच्या हाती देण्याचा असतो.

जर्मनीतील हॅनोव्हर येथील विज्ञान व तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, म्हणजेच टीआयबीने, या दिशेने पहिले मोठे पाऊल टाकले. हवामान व पृथ्वीविज्ञानाच्या विदाकेंद्रांच्या सहकार्याने राबवलेल्या एका प्रकल्पातून, २००५ मध्ये हे ग्रंथालय संशोधन-विदेसाठी डीओआय नोंदवणारी जगातील पहिली संस्था ठरले. हे काम एका देशापुरते राहू नये, म्हणून १ डिसेंबर २००९ रोजी लंडन येथे ‘डेटासाइट’ या आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना झाली. ब्रिटिश लायब्ररी, टीआयबी, झुरिच येथील ईटीएचचे ग्रंथालय, नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठाचे ग्रंथालय यांसारख्या संस्था तिच्या आरंभीच्या सदस्यांत होत्या. विदेला प्रकाशनाचा दर्जा देण्याची ही चळवळ प्रामुख्याने ग्रंथपालांनी पुढे नेली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

डीओआय कसा चालतो

डीओआय म्हणजे डिजिटल ऑब्जेक्ट आयडेंटिफायर. हा ‘१०.’ ने सुरू होणारा क्रमांक असतो. तिरप्या रेषेपूर्वीचा भाग नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे निर्देश करतो आणि नंतरचा भाग त्या विशिष्ट वस्तूकडे.

शेतकऱ्याला ही कल्पना नवी वाटू नये. महाराष्ट्रात जमिनीचा गट क्रमांक, मध्य प्रदेशात खसरा क्रमांक किंवा कर्नाटकात सर्व्हे क्रमांक हे काम करतो. जमीन वारसाने किंवा खरेदीने दुसऱ्याच्या नावावर गेली, तर फेरफार नोंदला जातो. जमिनीची ओळख मात्र क्रमांकाने कायम राहते. डीओआयचेही तसेच आहे. विदासंच एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर हलवला, संस्थेचे नाव बदलले किंवा संकेतस्थळ नव्याने बांधले, तर नोंदणीत नवा पत्ता भरला जातो. क्रमांक तोच राहतो आणि वाचक जुन्या निबंधात छापलेल्या क्रमांकावरून नव्या ठिकाणी पोहोचतो. साध्या वेबपत्त्यात ही सोय नसते. जागा बदलली की तो पत्ता मृत होतो.

मात्र फेरफार वेळेवर नोंदवला नाही, तर सातबाराही चुकीची माहिती दाखवतो. डीओआयचा टिकाऊपणा हा क्रमांकात नसून, तो सांभाळण्याची जबाबदारी घेतलेल्या संस्थेत असतो. म्हणून ही जबाबदारी अल्पमुदतीच्या प्रकल्पाकडे नव्हे, तर ग्रंथालयासारख्या दीर्घजीवी संस्थेकडे असणे श्रेयस्कर ठरते.

डेटासाइटच्या पद्धतीत प्रत्येक नोंदीसाठी सहा बाबी अनिवार्य आहेत : ओळख-क्रमांक, निर्माता, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष आणि साधनाचा प्रकार. क्रमांकावरून वाचक प्रथम एका परिचय-पृष्ठावर पोहोचतो. तेथे विदेचे वर्णन, वापराच्या अटी आणि विदा मिळवण्याचा मार्ग दिलेला असतो. काही कारणाने विदा मागे घ्यावी लागली, तरी परिचय-पृष्ठ काढून टाकू नये, असा संकेत आहे. विदेत मोठी दुरुस्ती झाली, तर नवी आवृत्ती स्वतंत्रपणे नोंदवली जाते. त्यामुळे जुन्या निबंधात नेमके कोणते आकडे वापरले होते, हे नंतरही समजते.

उद्धरण : श्रेय आणि पडताळणी

पुस्तकाचा उल्लेख करताना लेखक, वर्ष आणि प्रकाशक सांगण्याची शिस्त सर्वमान्य आहे. विदेच्या बाबतीत मात्र ‘अमुक केंद्राच्या नोंदींवरून’ एवढ्यावर भागवले जाई. विदेच्या उद्धरणासाठी शोधनिबंधाइतकेच महत्त्व दिले जावे, अशी भूमिका २०१४ मध्ये अनेक संस्थांनी एकत्र येऊन जाहीर केली. उद्धरणाचा साधारण क्रम असा असतो :

निर्माता (वर्ष). विदासंचाचे शीर्षक. आवृत्ती. प्रकाशक किंवा भांडार. साधनाचा प्रकार. डीओआय.

अशा उद्धरणाचे दोन लाभ आहेत. पहिला पडताळणीचा. घडीपत्रिकेतील शिफारशीखाली विदेचा क्रमांक दिलेला असेल, तर विस्तार कार्यकर्ता त्या विदेपर्यंत पोहोचू शकतो आणि प्रयोग बागायती कपाशीवर होता की कोरडवाहू, कोणत्या वर्षीचा होता, पेरणी केव्हा झाली होती, हे स्वतः पाहू शकतो. दुसरा लाभ श्रेयाचा. पावसापाण्यात सापळे तपासणाऱ्या क्षेत्रीय कर्मचाऱ्याचे नाव शोधनिबंधात क्वचितच येते. विदासंचाच्या नोंदीत निर्माता आणि योगदानकर्ता अशा दोन्ही नोंदी करता येतात. त्यामुळे आकडे गोळा करणाऱ्यांचे श्रम दृश्य होतात.

जागतिक जैवविविधता माहिती सुविधा, अर्थात जीबीआयएफ, या संस्थेने याचे चांगले उदाहरण घालून दिले आहे. तेथून कोणी एखाद्या कीटकाच्या जगभरातील आढळाच्या नोंदी उतरवून घेतल्या, की त्या उतारणीला स्वतंत्र डीओआय मिळतो. संशोधकाने तो निबंधात नमूद केला, म्हणजे त्या नोंदी ज्या ज्या संग्रहांतून आल्या, त्या सर्वांपर्यंत श्रेय पोहोचवता येते.

येथे एक सावधगिरी हवी. डीओआय ही गुणवत्तेची मोहर नव्हे. दाखल क्रमांक मिळालेले प्रत्येक पुस्तक जसे बिनचूक नसते, तसाच क्रमांक मिळालेला प्रत्येक विदासंच निर्दोष नसतो. क्रमांकामुळे विदा तपासता येते. तपासण्याचे काम अभ्यासकालाच करावे लागते.

आकड्यांसोबत काय लिहावे

विदा सापडली, पण समजली नाही, तर तिचा उपयोग होत नाही. २०१६ मध्ये मांडण्यात आलेल्या ‘फेअर’ तत्त्वांनुसार विदा सापडण्याजोगी, मिळण्याजोगी, इतर विदेशी जोडता येण्याजोगी आणि पुन्हा वापरता येण्याजोगी असावी. यासाठी आकड्यांचे वर्णन करणारी पूरक माहिती आवश्यक असते. तिला ‘अधिविदा’ म्हणतात. कीड सर्वेक्षणाच्या नोंदींत पुढील बाबी वारंवार सुटतात आणि त्यामुळे चांगली विदाही निरुपयोगी ठरते.

१. एकक : ‘पतंग १२’ ही नोंद अपुरी आहे. प्रति सापळा प्रति रात्र, की प्रति सापळा प्रति आठवडा, हे लिहावे. दोन्हींत सात पटींचा फरक पडतो.

२. शून्य आणि रिकामी जागा : सापळा तपासला आणि पतंग नव्हते, तर ‘०’ लिहावे. सापळा तपासलाच नाही, तर तसे स्पष्ट नोंदवावे. रिकामा रकाना पुढे कोणीतरी शून्य समजतो आणि कीड नसल्याचा खोटा पुरावा तयार होतो.

३. तारीख : शक्यतो वर्ष-महिना-दिवस अशा पूर्ण स्वरूपात लिहावी. केवळ ‘आठवडा ३८’ असे लिहिल्यास संदिग्धता राहते. भारतीय कृषी हवामानशास्त्रातील प्रमाण हवामान आठवडा ३८ म्हणजे १७ ते २३ सप्टेंबर. संगणकातील आंतरराष्ट्रीय पद्धतीचा आठवडा सोमवारी सुरू होतो आणि त्याच्या तारखा दरवर्षी बदलतात.

४. सापळा आणि ल्यूर : सापळ्याचा प्रकार, पिकापासूनची उंची, ल्यूर कोणत्या किडीचे, ते केव्हा बसवले आणि केव्हा बदलले. जुने झालेले ल्यूर कमी पतंग आकर्षित करते. बदलाची तारीख नसल्यास ही घट किडीची घट समजली जाते.

५. पीक : वाण, पेरणीची तारीख, पिकाची अवस्था, बागायती की कोरडवाहू.

६. नावे : किडीचे स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही लिहावीत. ‘लष्करी अळी’ हे नाव एकाहून अधिक प्रजातींसाठी वापरले जाते.

७. फवारणी : निरीक्षणापूर्वी कोणते औषध, केव्हा व किती वापरले.

या बाबी विदासंचासोबत एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहून ठेवाव्यात आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ त्यात सांगावा. तक्ता सीएसव्हीसारख्या साध्या स्वरूपात जतन करावा. हे स्वरूप कोणत्याही संगणकावर, विशिष्ट सॉफ्टवेअर विकत न घेता उघडता येते. कागदी वहीचे छायाचित्र काढून ठेवणे पुराव्यासाठी चांगले. परंतु छायाचित्रातील आकड्यांची बेरीज संगणक सहजासहजी करू शकत नाही.

खुलेपणाच्या मर्यादा

विदा उपलब्ध करणे म्हणजे शेतकऱ्याची खासगी माहिती उघड करणे नव्हे. नाव, मोबाइल क्रमांक, गट क्रमांक, शेताचे अचूक अक्षांश-रेखांश, कर्जाची किंवा उत्पन्नाची माहिती ही वैयक्तिक बाब आहे. भारतात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला असून, संमतीचे तत्त्व त्याच्या केंद्रस्थानी आहे. सार्वजनिक विदासंचात शेतकऱ्याच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक आणि शेताऐवजी गाव किंवा मंडळ एवढाच तपशील ठेवणे बहुतेक अभ्यासांना पुरेसे असते. नोंदी घेण्यापूर्वीच, त्यांचा पुढे काय उपयोग होणार आहे, हे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगावे.

संशोधकालाही आपला निबंध पूर्ण करण्यासाठी अवधी हवा असतो. बहुतेक भांडारांत ठरावीक मुदतीपर्यंत विदा बंद ठेवण्याची सोय असते. त्या काळातही परिचय-पृष्ठ दिसते आणि अशी विदा अस्तित्वात आहे, हे इतरांना कळते. वापराच्या अटी परवान्याने स्पष्ट कराव्यात. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चा सीसी बाय परवाना दिला असता, श्रेय देण्याच्या अटीवर कोणालाही विदा वापरता येते.

भारतातील व्यवस्था

केंद्र सरकारने २०१२ मध्ये राष्ट्रीय विदा सहभाग व सुलभता धोरण जाहीर केले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१३ मध्ये मुक्त उपलब्धता धोरण स्वीकारले. परिषदेचे ‘कृषी’ हे पोर्टल संस्थांची प्रकाशने आणि विदासंच एकत्र आणण्यासाठी आहे. ‘कृषिकोश’ या अंकीय भांडारात कृषी विद्यापीठे व संशोधन संस्थांचे प्रबंध, जुनी नियतकालिके आणि अहवाल उपलब्ध आहेत. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी अनुसंधान संस्थेच्या ग्रंथालयाशी हा उपक्रम जोडलेला आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी कृषिकोशाकडे एका विशिष्ट दृष्टीने पाहावे. पदव्युत्तर प्रबंधांच्या तक्त्यांत आणि परिशिष्टांत आठवडावार किडींची संख्या, हवामानाच्या नोंदी आणि प्रत्येक पुनरावृत्तीचे आकडे अनेकदा दिलेले असतात. आपल्या जिल्ह्यातील एखाद्या किडीवर पूर्वी काम झाले आहे का, याचा शोध तेथून सुरू करता येतो. ज्यांच्या संस्थेत विदाभांडार नाही, त्यांना ‘झेनोडो’सारख्या सर्वसाधारण भांडाराचा पर्याय आहे. ते २०१३ मध्ये सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या सहभागाने सुरू झाले असून, तेथे ठेवलेल्या विदासंचाला विनामूल्य डीओआय मिळतो. मात्र शासकीय किंवा संस्थेच्या विदेबाबत प्रथम आपल्या संस्थेचे धोरण पाहावे व आवश्यक ती परवानगी घ्यावी.

विस्तार कार्यकर्ते व प्रगतशील शेतकरी यांनी काय करावे

- हंगाम सुरू होण्यापूर्वी नोंदीचा नमुना ठरवावा. एकक, तारीख आणि शून्याची पद्धत गटातील सर्वांनी एकसारखी पाळावी.
- मूळ नोंदी कधीही पुसू नयेत. दुरुस्ती करायची असल्यास वेगळ्या रकान्यात, कारणासह करावी.
- प्रत्येक हंगामाअखेर नोंदींच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.
- सुसंगत नोंदी साठल्यावर कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठातील विषय विशेषज्ञ आणि ग्रंथपाल या दोघांशी चर्चा करावी. आकडे शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहेत का, हे विशेषज्ञ सांगेल. ते कोठे व कसे जतन करावेत, हे ग्रंथपाल सांगेल.
- प्रशिक्षणात किंवा घडीपत्रिकेत शिफारस देताना तिचा आधार असलेल्या निबंधाचा आणि उपलब्ध असल्यास विदासंचाचा डीओआय द्यावा.
- एखादी शिफारस आपल्या भागात लागू पडत नाही, असे वाटल्यास केवळ तक्रार न नोंदवता तारीखवार आकडे सादर करावेत. आकड्यांना संशोधन केंद्राला उत्तर देणे भाग पडते.

समारोप

गुलाबी बोंडअळी असो वा अमेरिकन लष्करी अळी, किडी जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या सीमा मानत नाहीत. तेलंगणातील सापळ्यातील आकडा विदर्भातील शेतकऱ्याच्या उपयोगाचा असू शकतो आणि खानदेशातील नोंद मध्य प्रदेशातील निमाडच्या. परंतु आकडा एका वहीत बंद राहिला, तर तो त्या गावापुरता आणि त्या हंगामापुरताच जगतो. ग्रंथालयाने दिलेला क्रमांक त्याला गावाबाहेर आणि हंगामापलीकडे नेतो, तो कोणी व कसा मोजला हे सोबत सांगतो आणि चूक असेल तर ती दाखवण्याची संधीही देतो. या व्यवस्थेची पहिली कडी म्हणजे सकाळी सापळ्यापाशी उभे राहून, एकक आणि तारखेसह लिहिलेली एक स्वच्छ नोंद होय. ती नोंदच नसेल, तर ग्रंथालयाने जतन करावे असे काही उरत नाही.